एक अक्षर

सिग्वे,
आज पुन्हा उभी राहिले नगरपालिकेत.
नववं वर्ष. तेच सभागृह, तोच पाणचट कॉफीचा थर्मास,
खिडकीबाहेर समुद्र, दुपारी दोनलाच काळाठिक्कर.
सूर्य उगवायला अजून सात आठवडे.

टेबलाभोवती सात जण.
त्यातला एक आपल्याच वर्गातला ऐनार,
ज्यानं तुझी टोपी बंदरात फेकली होती.
आता टक्कल पडलंय त्याला.
चष्मा नाकावर सारत म्हणतो,
'मुद्दा सतरावा. शाळेचा आरोग्य-अर्ज.'

आधीची पाच वर्षं मी खोली मागत होते.
मिळाली. जिन्याखालची, जिथे पूर्वी स्की ठेवायचे.
एक दिवा, दोन खुर्च्या,
मंगळवारी आणि गुरुवारी येणारी तुरिड.
मुलं येतात. म्हणजे लगेच येत नाहीत.
दारावरून तीनदा जातात,
चौथ्यांदा बूट काढतात.
परवा बाहेर एक जोडी होती, एवढीशी,
डावा उजवीकडे ठेवलेला.

यंदा मी फक्त एक अक्षर मागितलं.
अर्जात पालकांना विचारतात:
मुलाचा काही त्रास आहे का?
म्हटलं, यातला 'चा' खोडा. तिथे 'ला' लिहा.

कुणीतरी हसलं.
कुणीतरी छपाईचा खर्च काढला.

तुझ्या आईनं भरलेला अर्ज माझ्या पर्समध्ये होता.
तुझं घर आवरताना सापडला,
विजेच्या बिलांत घडी घालून ठेवलेला.
वय अकरा. उंची. दात. लसी.
मुलाचा काही त्रास?
'काहीच नाही,' तिनं लिहिलंय निळ्या शाईनं,
आणि अक्षर बघ, किती ताठ, किती अभिमानाचं,
'अगदी शहाणं मूल.
घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही.'

मी तो बाहेर काढला नाही.
ती अजून आहे, वृद्धाश्रमात, खिडकीशी.
तिला काय म्हणून दाखवायचं हे?

त्या हिवाळ्यात तू बोलायचा थांबला होतास.
मी तुझ्याच बाकावर.
मला वाटलं, बरं झालं, आता भांडत नाही.
मी खोडरबर मागत राहिले, तू देत राहिलास.
हे सभेत सांगत नाही मी.
कुठेच सांगितलेलं नाही.

मग मोठेपणी तू बर्फाचा नांगर चालवलास.
वादळात डोंगराचा रस्ता बंद झाला
की तुझ्या नारिंगी दिव्यामागे गाड्यांची रांग.
अलीकडच्या फाटकाशी मोजायचास,
पलीकडच्या फाटकाशी पुन्हा.
एकदा चौदा निघाल्या आणि तेराच उतरल्या,
तर तू उलटा वर गेलास, एका जुन्या व्होल्वोसाठी.
आत एक म्हातारी मोजा विणत बसलेली.
हॉर्न का नाही वाजवला, विचारलंस,
तर म्हणाली, 'तुम्हाला कशाला उगाच त्रास.'
केवढा हसायचास हे सांगताना.
पार्टीत सांगायचास, नावेवर सांगायचास,
शेवटच्या फोनवरही सांगितलंस.
आणि मी, सिग्वे, प्रत्येक वेळी
नुसती हसले.

असो.
मतदान झालं. तीन हात वर, तीन खाली,
आणि ऐनार आपल्या पेनाचं टोपण
काढतोय, लावतोय, काढतोय.
मग त्याचाही हात वर गेला, कोपरापर्यंतच.
एक वर्षासाठी, प्रायोगिक तत्त्वावर, 'ला'.

बाहेर वारा असा की गाडीचं दार उघडेना.
तो मागून आला, दार धरून उभा राहिला.
'ती टोपी,' म्हणाला, 'लाल होती ना?'

'हिरवी,' मी म्हटलं.
'त्याच्या बाबांची होती.'

त्यानं दार सोडलं नाही.